आवाजाचं वेळापत्रक

पहाटे ५ वाजता. कुकडीकाठचं निघोज, पारनेर तालुका. गुरुजींच्या माडीवर बसलोय. गुरुजी इथल्या शाळेत शिकवतात. हॅम रेडिओचा परवाना काढून त्यांना फार काळ झालेला नाही, आणि तक्रार एकच : ७ मेगाहर्ट्झवर समोरचा ऐकूच येत नाही. म्हणून आदल्या रात्रीच मुक्कामाला आलो. पहिलं काम घराचा मेन स्विच पाडणं. सेट १२ व्होल्टच्या बॅटरीवर, इन्व्हर्टर बंद. तरी सेटचा सिग्नल मीटर एस-३ दाखवतो आणि मध्ये साधारण सेकंदाला एक, असा टक् टक् ठोका येतो. म्हणजे हा ठोका बाहेरून येतोय.

वहीत वेळ लिहून ठेवतो. असले आवाज शोधताना माझा पहिला भरवसा घड्याळावर असतो. आवाज केव्हा सुरू होतो आणि केव्हा थांबतो हे कळलं की निम्मा शोध लागला. खेड्यात तर विजेची वेळ ठरलेली, उन्हाची ठरलेली, जनावरांचीही ठरलेली.

६ वाजता. ठोका रात्रभर होता, असं गुरुजी सांगतात. रात्रभर चालणारं आणि ठोके देणारं यंत्र म्हणजे झटका मशीन. रानडुकरांसाठी शेताभोवती तार ओढून तिच्यात दर सेकंदाला काही हजार व्होल्टचा क्षणभर झटका सोडतात. मशीन धड असेल तर रेडिओला फारसा त्रास नसतो. ठिणगी उडायला लागली की मात्र गावभर ऐकू येतं. हातात मीडियम वेव्हचा छोटा ट्रान्झिस्टर घेऊन निघालो. आत फेराइटची दांडी असते. रेडिओ फिरवत जायचं, आवाज जिथे सगळ्यात कमी होईल तिथे दांडीचं टोक उगमाकडे असतं. मोठा आवाज कुठे येतो हे कानाला नीट ठरवता येत नाही, कुठे बुडतो ते पक्कं कळतं. दोन जागांवरून दिशा घेतल्या, त्या ओढ्याकडच्या बांधावर जुळल्या.

कोपऱ्यातल्या लोखंडी अँगलवर प्लॅस्टिकचा इन्सुलेटर तडकला होता. अजून पुरतं उजाडलं नव्हतं, म्हणून दिसलं : तारेतून अँगलवर निळी बारीक ठिणगी, आणि नेमक्या त्याच क्षणी ट्रान्झिस्टरमध्ये टक्. शेताचे मालक अण्णा गोठ्यातून आले.

“अण्णा, आधी मशीन बंद करा.”

“तरीच म्हणलं, पलीकडच्या अंगाला झटकाच लागंना. डुकरं बिनघोर आत येत्यात.”

नवा इन्सुलेटर बसवला, तारेला टेकलेलं गवत कापलं. डुकरांचा आणि रेडिओचा, दोघांचाही प्रश्न एकाच इन्सुलेटरनं सुटला. शेजाऱ्याकडे तक्रार घेऊन जाण्यापेक्षा त्याचं काय बिघडलंय ते शोधून जावं, असं माझं ठाम मत आहे.

८:३० वाजता. शेतीच्या फीडरला थ्री फेज आली आणि सेटमध्ये घर्रर्र सुरू झालं. मीटर एस-९. मीटरवरचा एकेक एस म्हणजे ६ डेसिबल, तेव्हा ३ वरून ९ म्हणजे ३६ डेसिबल, गोंगाटाची शक्ती सुमारे ४,००० पट. त्याखाली सगळं बुडतं. घर्रर्र १०० हर्ट्झची आहे. ५० हर्ट्झच्या विजेत ठिणगी दर आवर्तनात दोनदा उडते, म्हणून १००. वीजवाहिनीवर कुठेतरी ढिलं आहे.

१० ते १२. मोटरसायकलवर. ७ मेगाहर्ट्झवर शोधायला गेलं तर प्रत्येक खांब दोषी वाटतो, कारण तारच अँटेना होऊन आवाज मैलभर नेते. जितकं वरच्या फ्रिक्वेन्सीवर जावं तितका उगम जवळ येतो. म्हणून विमानांच्या पट्ट्यातला एएम रिसीव्हर, १३५ मेगाहर्ट्झच्या आसपास, आणि मोजपट्टीच्या पात्यांची हातात धरायची यागी अँटेना. डीपीपासून चौथा खांब. तिथून पुढे आणि मागे, दोन्हीकडे आवाज पडतो. खांबाला हात लावायचा नाही, हलवून बघायचं नाही, फक्त खांबावरचा नंबर लिहायचा. वर ११,००० व्होल्ट आहेत.

जुन्नर तालुक्यात खोडदची जीएमआरटी रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली. आकाशातून येणारे संकेत इतके क्षीण असतात की तिथल्या लोकांनाही वीजवाहिन्यांवरच्या अशाच ठिणग्या शोधत हिंडावं लागतं.

१ वाजता. भाकरी, ठेचा. जेवताना, घर्रर्र मधूनमधून थांबते तेवढ्यात, वेगळाच आवाज : रुंद फुसफुस. ढग आला की मंदावते, ऊन पडलं की चढते. सौर पंप! पॅनेलच्या डीसी विजेचे कंट्रोलर झपाट्याने तुकडे करून मोटरसाठी थ्री फेज बनवतो, आणि लांब वायरी तो गोंगाट हवेत सोडतात. खोका उघडला तर वॉरंटी जाईल, आणि ऊन असेपर्यंत पॅनेलच्या वायरींत शेकडो व्होल्ट असतातच. म्हणून कुठलाही जोड न सोडता बसणारे, गोंगाट अडवणारे क्लिपचे फेराइट बाहेरून लावले. दोन्ही डीसी वायरी एकाच फेराइटमधून, सोबत बांधून. एस-६ वरून एस-४. पुरेसं नाही.

४:३० वाजता. लाइनमनभाऊंना दुपारीच नंबर दिला होता. “आत्ता लाइन बंद केली तर पाणी भरणारे मला उभं करतील,” ते म्हणाले होते, आणि ते बरोबरच होतं. शेतीची वीज जायची वेळ झाल्यावर त्यांनी परमिट घेतलं, तारा अर्थ केल्या, वर चढले. पिन इन्सुलेटरवरची बाइंडिंग तार ढिली होऊन डुगडुगत होती. नवी बांधली.

७ वाजता. मंदिरात हरिपाठ. गुरुजींनी सेटवर बोलायला सुरुवात केली आणि भोंग्यातून बदकासारखा आवाज निघाला. आता उपद्रव आपला. आपण नियमात असलो तरी हरिपाठ थांबता कामा नये; गुरुजींनी लगेच सेट बंद केला. हरिपाठ संपल्यावर ॲम्प्लिफायर पाहिला. माइकच्या केबलची जाळी प्लगपाशी तुटलेली, त्यामुळे केबलच अँटेना झालेली. जाळी डागली, केबलचे सात-आठ वेढे फेराइटच्या कड्यातून घेतले. वेढे दुप्पट केले की अडथळा जवळपास चौपट होतो. गुरुजी पुन्हा सेटवर बोलले, भोंगा गप्प.

९ वाजता. ७ मेगाहर्ट्झवर एस-२. दक्षिणेतली मंडळी कष्ट न घेता ऐकू येतायत. २६ डिसेंबर २००४ ला अंदमानात त्सुनामी आली, तेव्हा भारती प्रसाद पोर्ट ब्लेअरमधून हॅम सेटवर निरोप पाठवत होत्या. असा निरोप घ्यायला इकडे कोणाचा तरी सेट इतका शांत असावा लागतो.

वहीत उरलेली कामं : सौर पंपासाठी मोठी फेराइट कडी मागवणं, कंट्रोलर बनवणाऱ्यांना मोजमापांसह पत्र लिहिणं. आणि उद्या ८:३० ला, थ्री फेज आली की, मीटर बघणं.