फॉर्म म्हणजे नेमके काय?

अमेरिकेतील सुपरक्रॉस या मोटारसायकल शर्यतींचा हंगाम जानेवारीत सुरू होतो आणि मे महिन्यात संपतो. स्टेडियममध्ये माती टाकून उड्या आणि खाचखळग्यांचा ट्रॅक उभारतात. 450 सीसी गटाच्या अंतिम शर्यतीत 22 स्वार उतरतात. शर्यत साधारण 20 मिनिटे आणि वर एक फेरी चालते. गुण दर शर्यतीगणिक जमा होतात, त्यामुळे विजेतेपद एखाद्या झंझावाती रात्रीवर ठरत नाही. चांगली सुरुवात, न पडणे आणि वाईट दिवशीही पहिल्या पाचांत राहणे यालाच खरा फॉर्म म्हणतात.

2023 चा एली टोमॅक पाहा. आदल्या वर्षीचा हा विजेता त्या हंगामात 7 शर्यती जिंकला. कारकिर्दीतील विजयांत त्याने रिकी कारमायकलच्या 48 चा आकडा मागे टाकला. शेवटून दुसरी शर्यत डेन्व्हरला, म्हणजे त्याच्याच कोलोराडो राज्यात होती आणि तो आघाडीवर होता. एका उडीनंतर गाडी जमिनीवर आदळताना त्याच्या टाचेमागचा अकिलीस स्नायुबंध तुटला. तो ट्रॅकवरून बाजूला झाला आणि त्याच रात्री गुणतक्त्यातील आघाडी चेस सेक्स्टनकडे गेली; शेवटच्या शर्यतीत विजेतेपदही त्याचे झाले.

सेक्स्टनचे यश उसने नव्हते; शेवटपर्यंत धडधाकट राहून गुण गोळा करणे हाही फॉर्मचाच भाग आहे. म्हणून हंगाम पाहताना फक्त विजय मोजू नका, गुणतक्ता वाचा.