होडीला पाण्यातला ‘ब्रेक’! ड्रिफ्ट सॉक कसा निवडायचा, कुठे बांधायचा?

अमेरिका-कॅनडा सीमेवरचे ईरी सरोवर पाच महासरोवरांत सर्वांत उथळ. वारा सुटला की तिथे लाटा झटपट उठतात. वॉलाय मासा गळाने पकडणारे होडी मुद्दाम वाऱ्यावर सोडतात. पण ती फार वेगाने वाहिली तर गळ माशाच्या पातळीवर राहत नाही. अशा वेळी लागतो ड्रिफ्ट सॉक.

ही नरसाळ्याच्या आकाराची कापडी पिशवी. तोंड रुंद, शेपटाला लहान भोक. पाण्याने फुगली की होडीला मागे खेचते. होडी थांबत नाही, हळू वाहते.

निवडताना बघायचा तो तोंडाचा व्यास. तो दुप्पट केला की क्षेत्रफळ चौपट, आणि त्याच वेगाला ओढही साधारण चौपट. नुसती लांबी मोजू नका. उंच होडीला वारा जास्त लागतो.

होडीच्या मध्यावर, वाऱ्याकडच्या बाजूला बांधला तर होडी आडवी वाहते, सगळ्यांना गळ टाकायला जागा मिळते. लाटा वाढल्या की मात्र दोर पुढच्या टोकालाच हवा. आडवी होडी कलंडू शकते, आणि मागे बांधला तर लाट थेट आत येते.

शेपटाला वेगळी बारीक दोरी हवीच. ती ओढली की पिशवी रिकामी होते. भरलेली तोंडाकडून ओढणे म्हणजे हाताची परीक्षा. सगळे दोर आत आल्याशिवाय इंजिन सुरू करू नका. दोर पंख्यात गुंतला, तर होडी पुन्हा वाऱ्याच्याच ताब्यात.