पोटातल्या हवेचा प्रतिध्वनी

हर्णै बंदरातल्या माझ्या परिचयाच्या एका तांडेलाने गेल्या हंगामात आपल्या होडीवर मासे शोधणारे यंत्र बसवले. बंदरावर त्याला सगळे 'फिश फाइंडर' म्हणतात. पैसे कर्जाऊ काढलेले. नारळी पौर्णिमेनंतर होडी दर्यावर गेली. पडद्यावर खुणा भरपूर उमटत, पण जाळे ओढले की हाती फार थोडे लागे. दिवाळीच्या सुमारास तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "भाऊ, तुम्ही एवढं वाचता. यंत्र खोटं बोलतं का हो?"

मी दर्यावर्दी नाही, अभियंताही नाही. किनाऱ्याविषयी मिळेल ते वाचायचे आणि जाणत्यांना विचारत राहायचे, एवढीच माझी शिदोरी. त्याच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे हाती लागले, ते येथे मांडतो.

यंत्रामागचे तत्त्व विहिरीत हाक मारणाऱ्या पोरालाही ठाऊक असते. होडीच्या तळाशी बसवलेला संवेदक पाण्यात आवाजाचा एक ठोका सोडतो. हा आवाज आपल्या कानांना ऐकू येणाऱ्या आवाजापेक्षा पुष्कळ उंच पट्टीचा असतो. तो तळावर आपटतो, परत येतो आणि तोच संवेदक तो ऐकतो. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे 1500 मीटर धावतो. तळ 30 मीटरवर असेल, तर जाऊन-येऊन 60 मीटरचा प्रवास एका सेकंदाच्या पंचविसाव्या भागात पुरा होतो. पूर्वी शिशाचा गोळा दोरीला बांधून 'किती वाव पाणी' हे मोजत. तेच काम आता आवाजाची दोरी करते.

ही विद्या मात्र माशांसाठी जन्मली नाही. 1912 साली 'टायटॅनिक' बुडाली आणि हिमनग आधीच ओळखण्याची निकड जगाला कळली. 1914 साली रेजिनाल्ड फेसेंडेन यांनी 'मायामी' या जहाजावरून हिमनगाचा आणि समुद्रतळाचा प्रतिध्वनी मिळवून दाखवला. पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांच्या शोधासाठी फ्रान्समध्ये पॉल लांजव्हँ यांनी क्वार्ट्झच्या स्फटिकातून अतिउच्च पट्टीचा आवाज निर्माण केला. पुढे 1935 साली नॉर्वेच्या ऑस्कर सुंड यांनी कॉड माशांच्या थव्याचे प्रतिध्वनिचित्र प्रसिद्ध केले. दुसऱ्या महायुद्धानंतर, 1948 साली, जपानमधील फुरुनो बंधूंनी मच्छीमारांना रोज वापरता येईल असे यंत्र तयार केले. युद्धासाठी वाढलेली विद्या अशी कोळ्याच्या होडीवर आली.

आता मुख्य मुद्दा. हे यंत्र मासा पाहत नाही. ते बहुतांशी माशाच्या पोटातली हवा ऐकते.

आवाज एका पदार्थातून अगदी वेगळ्या पदार्थाशी येऊन भिडला, की मोठ्या प्रमाणात परत फिरतो. माशाचे मांस आणि भोवतालचे पाणी यांच्यात त्या दृष्टीने फारसा फरक नाही. पण अनेक माशांच्या पोटात, पाण्यात तरंगते राहण्यासाठी, हवेने भरलेली एक पिशवी असते. प्राणिशास्त्रात तिला वाताशय म्हणतात. ज्या माशाला वाताशय असतो, त्याच्याकडून येणाऱ्या प्रतिध्वनीचा 90 टक्क्यांहून अधिक भाग या एका फुग्याचा असतो. घोळीचा वाताशय बाजारात मोठ्या मोलाने विकला जातो, हे आपल्या किनाऱ्यावर सर्वांना माहीत आहे. ज्या पिशवीमुळे घोळ महाग होते, तिच्याचमुळे ती पडद्यावर ठळक उमटते. तारलीलाही वाताशय असतो, म्हणून तारलीचा थवा पडद्यावर ढगासारखा भरून दिसतो.

सुरमईला मात्र वाताशय नसतो. मुशीला नसतो, माकुलाला नसतो, बोंबलालाही नसतो. त्यांचा प्रतिध्वनी क्षीण येतो. म्हणजे लहानशी तारली यंत्राला ओरडून सांगते आणि तिच्यामागे लागलेली हातभर सुरमई कुजबुजते. पडद्यावर ठळक दिसले म्हणून मासा मोठा असे नाही, आणि पडदा रिकामा म्हणून पाणी रिकामे असेही नाही.

दुसरा घोटाळा काळाचा. पडदा म्हणजे समुद्राचा उभा छेद, असा आपला समज होतो. प्रत्यक्षात पडद्याची अगदी उजवी कड एवढीच 'आत्ता' असते. तिच्या डावीकडे जे दिसते, ते होऊन गेलेले असते. होडी जागच्या जागी थांबली आणि एकच मासा खाली रेंगाळला, तर लांबच लांब पट्टा उमटतो. अनुभवी लोक माशाची खूण म्हणून कमान दाखवतात, तीही माशाच्या पाठीचा आकार नव्हे. होडी जवळ येताना अंतर कमी होते, दूर जाताना वाढते, त्याचा तो आलेख असतो. होडी ताशी सहा सागरी मैलांनी जात असेल, तर अर्ध्या मिनिटापूर्वीची खूण नव्वदेक मीटर मागे राहिलेली असते. आमचा तांडेल पडद्याच्या मधोमध थवा पाहून तिथल्या तिथे जाळे टाकत होता.

तिसरी गोष्ट झोताची. आवाज संवेदकातून शंकूसारखा पसरत जातो. 200 किलोहर्ट्झचा झोत साधारणपणे अरुंद असतो आणि बारकावे दाखवतो. 50 किलोहर्ट्झचा झोत रुंद पसरतो आणि खोलवर पोहोचतो, पण चित्र भरड येते. शंकूचा कोन 20 अंश असेल, तर 30 मीटर खोलीवर जेमतेम साडेदहा मीटर रुंदीचे वर्तुळ ऐकू येते. 45 अंशांच्या झोतात ते सुमारे 25 मीटर होते. रुंद झोत बरा, असे वाटेल. पण त्याच्या कडेला तळालगत असलेला मासा होडीपासून तळापेक्षाही दूर पडतो, आणि त्याचा प्रतिध्वनी तळाच्या जाड रेषेत बुडून जातो. 30 मीटर पाण्यात रुंद झोताच्या कडेला तळालगतचे जवळजवळ अडीच मीटर असे आंधळे राहतात. अरुंद झोतात हेच अंतर अर्ध्या मीटरच्या आत राहते.

यावरून निवड कशी करावी, हे आपोआप कळते. आपण किती पाण्यात मासेमारी करतो, हा पहिला प्रश्न. वीस ते चाळीस मीटर पाण्यात फिरणाऱ्या लहान होडीला 'हजार मीटर खोल पाहणारे' यंत्र घेऊन काही उपयोग नाही. तिला उच्च पट्टीचा, अरुंद झोताचा संवेदक आणि काहीशे वॅटची शक्ती पुरते. मोठ्या पडद्यावर खर्च करण्याआधी चांगल्या संवेदकावर करावा, कारण जे ऐकलेच नाही ते मोठा पडदाही दाखवू शकत नाही.

संवेदक बसवण्याची जागा सर्वांत महत्त्वाची. ज्या हवेमुळे मासा सापडतो, तीच हवा बुडबुड्यांच्या रूपाने यंत्राला आंधळे करते. म्हणून संवेदक पंख्यापासून दूर, जिथे पाणी शांतपणे सरकते आणि तो कायम बुडालेला राहील, अशा जागी हवा. भरीव फायबरच्या तळातून आतूनही आवाज जाऊ शकतो. लाकडी होडीत तसे चालत नाही, संवेदक बाहेर पाण्यातच लागतो. वीजजोडणी इंजिनाच्या तारांपासून वेगळी ठेवावी, नाहीतर पडद्यावर ठिपक्यांचा पाऊस पडतो.

आमच्या तांडेलाचा संवेदक पंख्याला जवळजवळ चिकटून बसवलेला निघाला. त्यातच, जास्त मासे दिसावेत म्हणून यंत्राची संवेदनशीलता शेवटापर्यंत वाढवलेली. बुडबुडे आणि गढूळ पाण्यातले बारीकसारीक कणही 'मासे' होऊन उमटत होते. आम्ही संवेदक हलवला. मग होडी नांगरून, दोरीला लोखंडी वजन बांधून ते बरोबर संवेदकाखाली चार वाव सोडले. पडद्यावर रेघ उमटली. वजन वर ओढले, रेघ वर चढली. वजन स्पष्ट दिसेल आणि भोवतीचा कचरा विरेल, तेवढीच संवेदनशीलता ठेवली. या हंगामात त्याला मासळी दुप्पट मिळाली असे नाही. रिकामी जाळी मात्र कमी झाली, आणि वाया जाणारे डिझेल वाचले.

शेवटी एक धोक्याची गोष्ट. कॅनडातील न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कॉडचा साठा आटत असतानाही मोठ्या बोटींना मासा मिळत राहिला. प्रतिध्वनियंत्रांच्या साहाय्याने त्या उरलेसुरले थवे नेमके गाठत होत्या. जाळी भरत होती, म्हणून समुद्र भरलेला आहे असा समज झाला. 1992 साली तिथली कॉडची मासेमारी बंद करावी लागली आणि हजारो कुटुंबांचे पोट त्याबरोबर गेले. आपल्याकडे पर्ससीन जाळ्यांवर महाराष्ट्रात 2016 साली निर्बंध आले, एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने 2017 साली बंदी घातली. वाद अजून धुमसतोच आहे. त्या वादात लहान होडीवाल्याची तक्रार हीच असते, की शोधण्याची ताकद वाढली, मासा वाढला नाही.

तांडेलाला मी सांगितले, यंत्र खोटे बोलत नाही. फक्त त्याला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ते देते: आत्ता, या होडीखाली, एवढ्याशा वर्तुळात, हवेचा आवाज येतो का? दर्यात एकूण किती उरले, हे त्याला कोणी विचारलेले नाही. तो हसला आणि म्हणाला, "ते तर माझ्या बापाला यंत्राशिवाय कळायचं. पाच-सहा फेऱ्यांत बारीकच मासळी आली, की तो ती जागा सोडून द्यायचा."