पियानो लावणाऱ्याची रात्र

वॉर्सा, ऑक्टोबर 2021

रात्री 11. फिलहार्मनिकचं सभागृह रिकामं झालं की पियानो लावणाऱ्याचा दिवस उजाडतो. शोपँ स्पर्धा दर पाच वर्षांनी भरते. यंदाची खरं तर 2020ची, कोविडमुळे वर्षभर लांबलेली. पियानो पाच: दोन स्टाइनवे, एकेक यामाहा, कवाई आणि फाझिओली. चार कंपन्यांचे तंत्रज्ञ आणि शांत सभागृह एकच, त्यामुळे रात्र वाटून घ्यावी लागते.

रात्री 1. पाळी आली. पट्ट्या 88, पण तारा सव्वादोनशेच्या आसपास, कारण बहुतेक स्वरांना तीन-तीन. दोघींना फेल्टची पाचर घालून गप्प करायचं, तिसरी लावायची, मग एकेकीला तिच्याशी जुळवायचं. किंचित फरक उरला तरी स्वर लाटेसारखा हेलकावतो. ती लाट निवेपर्यंत किल्ली केसभर इकडे, केसभर तिकडे. खुंटी नुसती फिरवून भागत नाही, तिला बसवावं लागतं. नाहीतर उद्या एखाद्या पोलोनेझच्या तडाख्यात तार उतरलीच म्हणून समजा.

पहाटे 3. सूर लागला, आता आवाज घडवायचा. हातोडीच्या फेल्टला बारीक सुया टोचल्या की तो सैल होतो आणि स्वराची धार कमी होते. आपल्याकडे तंबोऱ्याची जवारी काढतात, त्याच जातीचं कानाचं काम. एक टोच जास्त पडली, तर गेलेली चमक रातोरात परत आणणं कठीण.

आणि हे करायचं कुणासाठी? पहिल्या फेरीत 87 स्पर्धक. व्हायोलिनवाला आपलं वाद्य काखेत मारून येतो. पियानोवाल्याला परक्या वाद्यावर आयुष्य पणाला लावायचं असतं, आणि ते निवडायला मिळतात पंधरा मिनिटं. यंदा 64 जणांनी स्टाइनवे घेतला, 9 जणांनी यामाहा, 8 जणांनी फाझिओली, 6 जणांनी कवाई. एकाला लखलखीत आवाज हवा, दुसऱ्याला मखमली. पियानो मात्र तोच. म्हणून सुरुवातीला तो कुणा एकाचा करता येत नाही. फेऱ्यांगणिक माणसं गळत जातात, तसतसा तो उरलेल्या हातांकडे झुकवता येतो. तरुण वादक वर चढतो तेव्हा त्याचं वाद्यही असं हळूहळू त्याचं होत असतं. मला तरी या स्पर्धेतली हीच गोष्ट सर्वांत नाट्यमय वाटते.

सकाळी 10. सत्र सुरू. झोपायची वेळ खरं तर आता, पण कान सभागृहात. दिव्यांची ऊब, माणसांचे श्वास, सूर कुठे सरकतोय?

दुपारी. सत्रांमधल्या वेळात पळत जाऊन दोन-चार तारा.

संध्याकाळी 5. दुसरं सत्र. पुन्हा तेच.

20 तारखेचा दिवस वेगळा होता. अंतिम फेरीत सगळ्यांत शेवटी आला ब्रूस लिऊ, वय 24, मॉन्ट्रियलमध्ये वाढलेला, 1980चे विजेते डांग थाय सोन यांचा शिष्य. वाजवला ई मायनर कॉन्चेर्तो, फाझिओलीवर. निकाल लागेपर्यंत रात्रीचे दोन वाजून गेले होते. पहिला लिऊ. फाझिओली निवडणाऱ्या आठांपैकी आणखी दोघे तिसऱ्या आणि पाचव्या क्रमांकावर.

विजेत्यांची मैफल उजाडणाऱ्या दिवशीच संध्याकाळी. पियानो लावायचा होता.