ब्राइटनेसची पट्टी हलते, उजेड मात्र तेवढाच!

लिनक्सवर ब्राइटनेसचं बटण दाबलं, पट्टी सरकली, पण स्क्रीन ढिम्म? बटण बिचारं बहुतेक वेळा निर्दोष असतं.

फाइल मॅनेजरमध्ये रूटपासून सिस, क्लास, बॅकलाइट अशी वाट धरा. इंटेल ग्राफिक्सच्या लॅपटॉपवर ‘इंटेल बॅकलाइट’ दिसायला हवं. सोबत ‘एसीपीआय व्हिडिओ ०’ही दिसलं, तर संशयित सापडला: डेस्कटॉप हुकूम सोडतोय एकाला, दिवा दुसऱ्याच्याच हातात! खात्रीसाठी ‘इंटेल बॅकलाइट’मधल्या ‘ब्राइटनेस’ फाइलमध्ये रूट अधिकाराने आकडा लिहून बघा. कमाल आकडा शेजारच्या ‘मॅक्स ब्राइटनेस’मध्ये असतो. शून्य मात्र लिहू नका, काही स्क्रीन पार काळ्या होतात. (हो, अनुभवाचे बोल.)

उजेड बदलला? मग ग्रबच्या कर्नल ओळीत ‘एसीपीआय बॅकलाइट’ला ‘नेटिव्ह’ द्या, ‘एसीपीआय’ आणि ‘बॅकलाइट’च्या मधे अंडरस्कोर विसरू नका. ग्रब अपडेट, रीस्टार्ट. पण त्याआधी कर्नल नवा करून बघा. २०२२च्या डिसेंबरात आलेल्या ६.१ पासून एका स्क्रीनला एकच नाव ठेवायची व्यवस्था झाली आहे.

कुणी एक्सरँडआर वापरायला सांगेल. त्याने चित्र नुसतं काळवंडतं. मागचा दिवा तसाच जळतो, आणि बॅटरीही.