सेलूच्या पेठेंतील धंदे व त्यांचीं नांवें

एखाद्या गांवाचा इतिहास लिहूं जातां अभ्यासकाची दृष्टि प्रथम सनदांकडे, ताम्रपटांकडे व शिलालेखांकडे वळते. ज्या गांवीं असें साहित्य विपुल नाहीं, त्या गांवास इतिहासच नाहीं असा समज मग रूढ होतो. परभणी जिल्ह्यांतील सेलू या तालुक्याच्या गांवाविषयीं असेंच कांहींसें झालें आहे. दुधना नदीच्या खोऱ्यांतील हें गांव कापसाची पेठ म्हणून नांवारूपास आलें. परंतु ती पेठ कोणीं चालविली, आणि तींत मूळचा कोण व उपरा कोण, याचा विचार क्वचितच होतो. प्रस्तुत लेखांत आम्ही धंद्यांच्या नांवांच्या आधारें या प्रश्नाकडे पाहणार आहों.

वसाहतकालीन नगर म्हटलें म्हणजे ऑस्ट्रेलिया किंवा कानडा येथील नगरें डोळ्यांसमोर येतात. तेथें बाहेरून आलेल्यांनीं भूमि घेतली, मूळच्या लोकांस हटविलें आणि नवें नगर उभारलें. आमच्या प्रांताची स्थिति निराळी. हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. इंग्रजांचें वर्चस्व होतें तें राजधानींतील रेसिडेंटाच्या व पुढें रेल्वेच्या रूपानें. येथें जे व्यापारी आले त्यांनीं जुन्या गांवालगत पेठ वाढविली, आणि त्यांचें प्रथमचें साधन भूमि नसून पत हें होतें. जमिनी त्यांच्या हातीं गेल्या त्या मागाहून, गहाणखताच्या वाटेनें. हा भेद ध्यानांत ठेविल्यावांचून पुढील विवेचन समजणार नाहीं.

धंद्यांच्या नांवांचे चार थर सहज दिसतात. पहिला थर कुंभार, लोहार, सोनार, चांभार, तेली यांचा. कुम्भकार, लोहकार, सुवर्णकार, चर्मकार, तैलिक हीं त्यांचीं संस्कृत रूपें होत. अमरकोशाच्या वैश्य व शूद्र वर्गांत अशा व्यवसायांची मोठी मालिका आढळते. हे लोक बलुत्याच्या व्यवस्थेंत बांधलेले होते. सुगीच्या वेळीं खळ्यावर धान्याचा ठराविक वाटा मिळावयाचा, आणि वर्षभर गांवाचें काम करावयाचें, असा हा व्यवहार. त्यांत रोख रकमेस स्थान थोडें व गांव सोडून जाण्यास वाव त्याहून थोडा.

दुसरा थर कचेरीचा. तहसीलदार, पेशकार, गिरदावर, अमीन, मुनसफ, चपराशी हीं नांवें अरबी-फारशी-तुर्की वळणाचीं. पहिले सालारजंग १८५३ मध्यें दिवाण झाले व त्यांनीं १८६५ च्या सुमारास जिल्हाबंदी केली. देशमुख-देशपांडे यांच्याकडील वसुलीचें काम जाऊन त्यांस रुसूम मिळूं लागला, आणि पगारी अंमलदार आले. १८८४ च्या सुमारास दरबारची भाषा फारशीऐवजीं उर्दू झाली. त्यामुळें उर्दू लिहिणारा मुन्शी व अर्जनवीस हा पेठेंत आवश्यक झाला. ज्यास मोडी येतें पण उर्दू येत नाहीं असा जुना कारकून मागें पडला. लिपि बदलली कीं पोटाचा धंदा बदलतो, याचें हें ठळक उदाहरण होय.

तिसरा थर पेठेचा. अडत्या, दलाल, मुनीम, गुमास्ता, सराफ, मापारी व हमाल हे त्यांतील मुख्य. मराठवाड्याच्या पेठांत मारवाडी व गुजराती व्यापारी, लिंगायत वाणी, कोमटी, तसेच रोहिले व अरब असे नाना प्रांतींचे लोक दिसत; रोहिल्यांपैकीं कांहीं पहारा करीत व कांहीं जबर व्याजानें रकमा देत. सराफाचें काम केवळ दागिन्यांचें नव्हे. निजामाचा हाली सिक्का व इंग्रजी कलदार असे दोन रुपये चालत, आणि सहा कलदारांस सात हाली असा साधारण भाव असे. कापूस मुंबईस कलदारांत विकावयाचा व शेतकऱ्यास हालींत पैसे द्यावयाचे, या दोहोंमधील बट्ट्यावर कित्येकांचा चरितार्थ चाले.

चौथा थर रेल्वेचा व यंत्राचा: स्टेशनमास्तर, गार्ड, गँगमन, फिटर, जीनवाला, प्रेसवाला. मनमाड ते सिकंदराबाद ही हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे, सुमारे ३९१ मैलांची, १८९९ ते १९०१ या काळांत खुली झाली व सेलू तिच्यावरील स्टेशन झालें. हाच काळ छपन्नच्या दुष्काळाचा, म्हणजे विक्रम संवत् १९५६ चा. परभणी जिल्ह्याची वस्ती १८९१ मध्यें सुमारें ८ लाख होती, ती १९०१ मध्यें सुमारें साडेसहा लाखांवर आली. एकीकडे गांवें ओस पडत होतीं आणि त्याच वेळीं पेठेच्या भाग्योदयाचें साधन रुळांवरून येत होतें, हा योग विसरतां येण्याजोगा नाहीं.

रुळ आले तसें कापसाचें गणित बदललें. पूर्वीं घरोघर चरकीवर सरकी काढीत व पिंजारी रुई पिंजून देई. आतां जिनांत सरकी वेगळी होऊं लागली व प्रेसमध्यें रुईची गाठ दाबली जाऊं लागली. मुंबईच्या बाजारांतील कापसाची खंडी ७८४ पौंडांची; तिच्यांत ३९२ पौंडांच्या दोन गाठी. सैल कापूस आगगाडीनें नेणें परवडत नाहीं, दाबलेली गाठ परवडते. म्हणून स्टेशनाजवळ जीन, जिनाजवळ अडत, व अडतीजवळ सराफ अशी पेठेची रचना होते. कोणीं नकाशा आंखून ती केलेली नसते.

येथें एक शंका संभवते. शब्द अरबी म्हणून धंदा करणारा परका, असें ठरवितां येईल काय? मुळींच नाहीं. सराफ हा शब्द अरबी, पण सराफी करणारे बहुधा सोनार किंवा वाणी. हमाल हाहि अरबी, पण पाठीवर पोतें घेणारा आसपासच्याच खेड्यांतला, पुष्कळदां ज्याचें बलुतें बुडालें तोच. नांवावरून तो शब्द कोणत्या राजवटींत किंवा व्यवहारांत रुळला याचें अनुमान होतें. माणसाचें कुळ त्यावरून कळत नाहीं. ही मर्यादा न पाळल्यास व्युत्पत्तिशास्त्राचा दुरुपयोग होतो, आणि तसा तो झालेला आम्ही पाहिला आहे.

उलट बाजूहि पाहिली पाहिजे. लमाण हे मीठ व धान्य बैलांच्या तांड्यांवर वाहणारे; त्यांचें नांव ‘लवण’ शब्दापासून आलें असें सांगतात. रेल्वे येईपर्यंत दूरचा माल त्यांच्यावांचून हालत नसे. रुळ आले आणि तो धंदाच गेला. तांडे माळावर स्थिरावले व मजुरीस लागले. अमेरिकेंतील १८६१-६५ च्या यादवीच्या वेळीं वऱ्हाड व लगतच्या मुलखांतील कापसास जो सोन्याचा भाव आला, त्या तेजींत बैलांच्या पाठीचा वांटा होता. परंतु पेठेच्या वैभवाच्या वर्णनांत लमाणाचें नांव कोणी घेत नाहीं. मग उपरा कोणास म्हणावें? शंभर वर्षें दुकान चालवून येथेंच ज्यांचीं हाडें मातींत मिळालीं त्यांस, कीं त्याहून आधीं येऊन ज्यांचा रस्ताच बंद झाला त्यांस?

शिरगणतीच्या कोष्टकांकडे वळलें तरी सावधगिरी लागते. १९०१ च्या शिरगणतींत धंद्यांचे आठ मुख्य वर्ग व ५२० गट केले होते, आणि माणसांची विभागणी कमावते व अवलंबून असलेले अशी होती. कापूस वेचणारी, जिनांत फणीपुढें कापूस टाकणारी स्त्री हंगामाचे कांहीं महिने कमावती व उरलेले महिने घरची. तिची नोंद कोणत्या रकान्यांत पडेल हें गणकाच्या मर्जीवर. आमच्या अध्यापनाच्या वर्षांत शाळेच्या जुन्या दाखल्यांत पालकाचा धंदा या रकान्यापुढें ‘मजुरी’ हा एकच शब्द आम्हीं शेंकडों वेळां वाचला. त्या एका शब्दांत बुडालेलें बलुतें, हमाली, जीन व वेचणी हें सर्व दडलेलें आहे, हें निवृत्तीनंतर उमगलें. तेव्हां विचारावयास हवें होतें त्यांतील पुष्कळ जण आतां हयात नाहींत.

पेठेच्या व्यवहारास नियमाचें बंधन येण्यास १३३९ फसलीचा, म्हणजे इ. स. १९३० चा, हैदराबादचा शेतमाल बाजार कायदा कारण झाला. (दक्षिणी फसली सनांत ५९० मिळविले असतां इसवी सन साधारणपणें येतो, जुने कागद वाचणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.) माप कोणीं करावें, अडत किती घ्यावी व वांधा कोणापुढें न्यावा, हें कायद्यानें ठरूं लागलें. पुढें १९४८, १९५६ व १९६० या तीन वर्षांत राज्य, प्रांत व राजभाषा यांची घडी बदलली. तरी अडत, मापारी, हमाल हे शब्द अद्याप जिभेवर आहेत.

असो. ज्यांवरून हा इतिहास लिहावयाचा ते कागद राजवाड्यांत नाहींत. ते दुकानांच्या माळ्यांवर लाल कापडांत बांधलेल्या वह्यांत आहेत. अशा वह्यांचें एक बाड आमच्या देखत रद्दींत वजनावर गेलें. विकणाऱ्यास दोष देत नाहीं. त्याला मोडी येत नव्हतें आणि आम्हीं वाचून दाखवूं म्हणून एक वर्ष काढलें होतें. ज्या घरीं अशा वह्या असतील त्यांनीं त्या ठेवाव्या, आणि ज्यांस मोडी व उर्दू येतें त्यांनीं आमच्याप्रमाणें उद्यांवर टाकूं नये, इतकीच विनंति.