पेटीच्या वर्गातला शेजारी

माझ्या दवाखान्यात अनेक वर्षे येणाऱ्या एक काकू आहेत. वय ६८, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. काकांच्या निधनानंतर वर्षभर त्या घराबाहेर फारशा पडल्याच नाहीत. पुढे मैत्रिणीच्या आग्रहाने ज्येष्ठांसाठी चालणाऱ्या हार्मोनियमच्या वर्गाला जाऊ लागल्या. आठवड्यातून दोन दिवस, सायंकाळी पाच ते सहा. रक्तदाब मोजून घेता घेता ‘आता पाचवा अलंकार बसला’ असे त्या मला उत्साहाने सांगत.

एके दिवशी त्यांचा रक्तदाब १६४/९६ भरला. गोळ्या नियमित होत्या, झोप मात्र उडाली होती. मी सहज विचारले, “पेटी कुठवर आली?”

“सोडली मी पेटी, डॉक्टर.”

कारण होते शेजारी बसणारे एक गृहस्थ. गुरुजी समजावून सांगत असतानाही त्यांचा भाता चालूच. वाजवणे इतके जोरात की शेजारच्याला स्वतःचा सूर ऐकू येऊ नये. नुकतेच सांगितलेले ते पुन्हा विचारत. वर काकूंचे बोट चुकले की सर्वांदेखत म्हणत, “अहो बाई, मध्यम नव्हे, पंचम!” काकू म्हणाल्या, “आयुष्यभर मुलांना शिकवले. आता या वयात भर वर्गात बोलणी कोण खाणार?”

बाहेर रुग्णांची रांग होती. मी म्हणालो, “सोडून द्या हो काकू, मनाला लावून घेऊ नका. घरीच वाजवा.” गोळी बदलून दिली आणि पुढच्या रुग्णाला बोलावले. तो सल्ला चुकीचा होता, असे आज मला वाटते.

तीन महिन्यांनी त्या आल्या तेव्हा वजन चार किलोंनी उतरले होते. “एकटीसाठी काय रांधायचे?” म्हणून रात्रीचे जेवण सुटले होते. घरी पेटीवरची खोळ एकदाही निघाली नव्हती. काकूंच्या आठवड्यातून केवळ दोन तास वजा झाले नव्हते. त्या तासांसाठी नीट साडी नेसणे, चालत जाणे, परतताना मैत्रिणीसोबत भाजी घेणे, हे सारेच थांबले होते.

एकटेपणाचा परिणाम मनापुरता राहत नाही. ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या आयोगाने २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारे, पण आटोक्यात आणता येण्याजोगे १४ घटक सांगितले आहेत. त्यांत उच्च रक्तदाब, नैराश्य आणि श्रवणदोष यांच्याबरोबर माणसांपासून तुटलेपण हाही एक घटक आहे. म्हणून छंदाचा वर्ग सोडण्याचा निर्णय औषध बंद करण्याच्या निर्णयाइतकाच विचारपूर्वक घ्यावा.

आधी आजाराचा विचार

पुढे योगायोग घडला. एका आजोबांना त्यांच्या सूनबाई गुडघेदुखीसाठी घेऊन आल्या. मी विचारले एक, आजोबांनी उत्तर दिले दुसरेच. “टीव्ही इतका मोठा लावतात की शेजारी तक्रार करतात,” सूनबाई म्हणाल्या. बोलता बोलता पेटीच्या वर्गाचा विषय निघाला आणि हेच ते गृहस्थ, हे माझ्या ध्यानात आले. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे तपासणी केली, तेव्हा दोन्ही कानांना बऱ्यापैकी कमी ऐकू येत असल्याचे निष्पन्न झाले.

वाढत्या वयात उंच पट्टीचे आवाज आधी ऐकू येईनासे होतात. त्यामुळे ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखी व्यंजने निसटतात. ऐकू येते पण बोलणे उमगत नाही, अशी ही अवस्था असते. गोंगाटात ती वाढते. स्वतःचा आवाज नीट ऐकू न आल्याने माणूस मोठ्याने बोलतो, आणि पेटीही मोठ्याने वाजवतो. त्यात बेपर्वाई असेलच असे नाही.

अशी आणखीही उदाहरणे आहेत. वर्गातून सारखे उठून जाणाऱ्याला प्रोस्टेटचा त्रास किंवा लघवी वाढवणारी गोळी चालू असू शकते. मधुमेही व्यक्ती एकाएकी चिडू लागली, थरथरू लागली, घामाघूम झाली तर रक्तातली साखर उतरलेली असू शकते. ती शुद्धीवर असून गिळू शकत असेल तर तत्काळ साखरपाणी द्यावे, नसेल तर तोंडात काहीही न घालता रुग्णालयात न्यावे. तोच प्रश्न पुनःपुन्हा विचारणे ही विस्मरणाच्या आजाराची सुरुवात असू शकते. आयुष्यभर मितभाषी असलेला माणूस हळूहळू मर्यादा सोडून बोलू लागला, तर घरच्यांनी डॉक्टरांना अवश्य सांगावे. एक-दोन दिवसांतच वागणे पार बदलले तर थांबू नये. जंतुसंसर्ग किंवा रक्तातले सोडियम कमी होणे यांमुळेही ज्येष्ठांना असा भ्रम होतो.

अर्थात, सहाध्याय्याचे निदान करणे हे आपले काम नव्हे. एवढी शक्यता मनात ठेवली की आपला राग थोडा निवळतो आणि बोलण्याचा सूर बदलतो.

बोलावे, पण कसे?

आजोबांच्या कानांविषयी काकूंना सांगणे मला शक्य नव्हते. एका रुग्णाची गोष्ट दुसऱ्याजवळ बोलायची नाही, हा आमच्या व्यवसायाचा धर्म आहे. मी दोघांशी वेगवेगळा बोललो. आजोबांना म्हणालो, “यंत्र लावाल तेव्हा वर्गात सांगून टाका, लाजू नका.” काकूंना म्हटले, “मी घाईत चुकीचे सांगितले. पुन्हा जा, मात्र गप्प बसू नका.” त्यांना जे सुचवले, ते वाचकांच्याही उपयोगी पडेल.

पहिल्याच दिवशी बोलू नये. एक-दोन तास पाहावे, त्रास नेमका कशाचा होतो ते ठरवावे. ‘तो माणूसच तसा’ हे निदान झाले नाही. ‘गुरुजी बोलताना पेटी वाजते’ ही तक्रार झाली.

मग वर्ग सुरू होण्यापूर्वी, एकट्याला गाठून, समोरासमोर उभे राहून सावकाश बोलावे. “गुरुजी सांगत असताना पेटी वाजली की मला ऐकू येत नाही. तेवढा वेळ थांबाल का?” इतके पुरे. मागचे हिशेब काढू नयेत. चारचौघांत टोमणा मारला तर माणूस सुधारत नाही, दुखावतो.

फरक पडला नाही, तर शिक्षकांना सांगावे. ही चहाडी नव्हे, वर्गाची शिस्त राखणे हे त्यांचे काम आहे. मोबाईल बंद, शंका शेवटच्या दहा मिनिटांत, एकमेकांच्या चुका फक्त गुरुजींनी सांगायच्या, असे नियम सर्वांसाठी एकदम लावले की कुणा एकाकडे बोट जात नाही. जागा बदलून मागणे हा तर सर्वांत सोपा उपाय. अत्तराच्या किंवा उदबत्तीच्या वासाने दम लागत असेल, तर भीड न बाळगता तसे स्पष्ट सांगावे.

सहनशीलतेची मर्यादा

काही गोष्टी मात्र समजून घ्यायच्या नसतात. नकोसा स्पर्श, जातीवरून वा वैधव्यावरून बोलणे, उसने पैसे किंवा गुंतवणुकीचा तगादा, घरापर्यंत पाठलाग. येथे ‘वय झालंय त्यांचं’ ही सबब चालणार नाही. त्याच दिवशी आयोजकांना व घरच्यांना सांगावे. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे; तातडीच्या संकटात ११२ क्रमांक लावावा. आयोजक दाद देत नसतील, तर तो वर्ग जरूर सोडावा. पण सोडण्यापूर्वी दुसरा शोधून ठेवावा.

घरच्यांसाठी

आई किंवा सासरे वर्गातली कुरबूर सांगू लागले, की “मग जाऊ नका” असे आपण पटकन बोलून जातो. मीही तेच केले होते. त्याऐवजी “आज काय झाले?” एवढे विचारून दहा मिनिटे ऐकावे. काय बोलायचे याची घरीच तालीम करून घ्यावी. पुढच्या वेळी दारापर्यंत सोबत जावे. आणि आपल्याच घरचे माणूस वर्गात इतरांना त्रास देत असल्याचे कानावर आले, तर रागावण्याआधी त्यांचे कान तपासून घ्यावेत. कधी कधी साचलेला मळ काढल्यावरच बरेच ऐकू येऊ लागते.

स्वतःलाही अधूनमधून विचारावे: माझा फोन वर्गात वाजतो का? न विचारता मी कुणाला शिकवतो का? चाळीस वर्षे कचेरीत किंवा शाळेत आपला शब्द चालला, तिथे आता पहिल्या इयत्तेत बसणे सोपे नसते. बऱ्याच टोमण्यांचे मूळ तिथे असते.

आजोबांनी श्रवणयंत्र लावून वर्गात सांगितले, “मला कमी ऐकू येत होते. इतक्या जोरात वाजवतो, हे मला कळतच नव्हते.” वाजवणे खाली आले, चुका काढण्याची खोड तशीच राहिली. ती कानांची नव्हतीच. एके दिवशी काकूंनी वर्गाआधी त्यांना गाठून सांगितले, “भाऊसाहेब, माझी चूक गुरुजींना काढू द्या. तुम्ही काढलीत की माझा हात थरथरतो.” आजोबा ओशाळले. आता चूक दिसली की ते छताकडे पाहतात, असे काकू हसत सांगतात.

गेल्या भेटीत काकूंचा रक्तदाब १३६/८४ होता. गोळी चालू आहे, त्यामुळे सारे श्रेय मी पेटीला देणार नाही. पण रात्रीचे जेवण सुरू झाले आहे, दोन किलो वजन परतले आहे. ही हकीकत दोघांच्याही संमतीने, ओळख पटू नये इतके तपशील बदलून लिहिली आहे. संमती देताना काकूंनी एकच अट घातली, “तुमचा सल्ला चुकला होता, हे मात्र लिहा.” म्हणून लिहिले.